संकोचनाच्या आज्ञावलीचे भाषांतर

(शताब्दी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



जुन्या मराठी पत्रांच्या प्रारंभी 'कृ. सा. न. वि. वि.' ही पाच अक्षरे असत. तरुण सभासदांपैकी अनेकांना ती आता उलगडून सांगावी लागतील : कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. लिहिणाऱ्याने पाच अक्षरे लिहायची आणि वाचणाऱ्याने पाच शब्द वाचायचे, असा दोघांमधला हा अलिखित करार होता. कागद वाचला, शाई वाचली, आणि अर्थाचा कणही सांडला नाही. ग्रंथालयाच्या जुन्या नोंदवहीत एकाखाली एक तोच मजकूर येऊ लागला की कारकून 'वरीलप्रमाणे' असे लिहून मोकळा होई. तोही याच जातीचा करार. मात्र 'वरीलप्रमाणे' लिहिलेले पान वरच्या पानापासून सुटे झाले, तर त्या नोंदीला काही अर्थ उरत नाही, हेही कारकुनाला ठाऊक असे.

संगणकावरील माहितीचे संकोचन, ज्याला कॉम्प्रेशन हे नाव आता सर्वत्र रूढ झाले आहे, ते या दोन युक्त्यांवरच उभे आहे. मोठ्या मजकुराची घडी घालून तो लहान करायचा आणि हवा तेव्हा घडी उलगडून जसाच्या तसा परत मिळवायचा. हे काम करणाऱ्या आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्राम, पूर्वी बहुतेक सी या भाषेत लिहिल्या गेल्या. पुढे त्यांपैकी काही अन्य संगणकभाषांत नेण्यात आल्या. या नेण्यास 'पोर्टिंग' म्हणतात. साध्या मराठीत ते भाषांतरच होय. आजच्या व्याख्यानाचा विषय हे भाषांतर हा आहे.

ग्रंथालयाच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. दुर्मिळ ग्रंथांची पाने हल्ली छायाचित्रित करून संगणकात ठेवली जातात. पीएनजी या प्रकारातील प्रत्येक चित्र, झिप या प्रकारातील बहुतेक गठ्ठे आणि पीडीएफ फायलींतील मजकुराचा मोठा भाग एकाच पद्धतीने घडी घालून ठेवलेला असतो. त्या पद्धतीचे नाव 'डिफ्लेट'. ती घडी उलगडता आली नाही, तर कपाटातील ग्रंथाला वाळवी लागण्यापेक्षा ते नुकसान वेगळे नाही. किंबहुना अधिकच, कारण वाळवीने खाल्लेल्या ग्रंथाची निदान काही पाने वाचता येतात, आणि घडीतला एक आकडा चुकला तर पुढचा सगळा मजकूर विस्कटू शकतो.

डिफ्लेटची घडण थोडक्यात सांगितली पाहिजे. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या इस्रायली संशोधकांनी १९७७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील कल्पना आपल्या 'वरीलप्रमाणे'चीच. एखादा अक्षरसमूह पूर्वी येऊन गेला असेल, तर तो पुन्हा लिहू नये. 'इतकी घरे मागे जा आणि तिथून इतकी घरे उतरवून घे' एवढेच लिहावे. डिफ्लेटमध्ये जास्तीत जास्त ३२,७६८ घरे मागे जाता येते आणि एका वेळी ३ पासून २५८ घरांपर्यंत मजकूर उतरवता येतो. घर म्हणजे एक बाइट, ० ते २५५ मधील एखादी संख्या. दुसरी युक्ती डेव्हिड हफमन यांची, १९५२ सालच्या निबंधातली. वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत द्यावा, क्वचित येणाऱ्याला लांब. 'कृ. सा. न. वि. वि.' लिहिणाऱ्यांना हे निराळे शिकवावे लागले नव्हते.

देवनागरीला या दुसऱ्या युक्तीचा लाभ विशेष होतो. यूटीएफ-८ या आजच्या प्रचलित संकेतपद्धतीत रोमन लिपीचे अक्षर एका घरात मावते, तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग तो 'क' असो वा नुसती वेलांटी, तीन घरे अडवते. त्यांपैकी पहिल्या घरात नेहमी २२४ ही संख्या, दुसऱ्यात १६४ किंवा १६५, आणि खरा फरक काय तो तिसऱ्या घरात. म्हणजे मराठी मजकूर आधीच फुगलेला असतो आणि घडी घालताना तो फुगवटा बऱ्याच अंशी उतरतो. ही तीन घरांची गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा एक अनपेक्षित संबंध येणार आहे.

आता इतिहास. लेम्पेल-झिव्ह यांच्या १९७८ सालच्या दुसऱ्या निबंधावर आधारलेली, टेरी वेल्च यांनी सुधारलेली एक पद्धत १९८० च्या दशकात फार चालली. परंतु तिच्यावर एका कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस जीआयएफ चित्रांच्या आज्ञावल्या करणाऱ्यांकडे त्यापोटी परवान्याची मागणी झाली, तेव्हा मोठी खळबळ उडाली. सुदैवाने दुसरा रस्ता तयार होता. अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी आपल्या पीकेझिप या आज्ञावलीच्या १९९३ सालच्या आवृत्तीत डिफ्लेट पद्धत आणली होती आणि घडीचे वर्णन खुले ठेवले होते. फ्रान्सचे जाँ-लू गायी आणि अमेरिकेचे मार्क ॲडलर यांनी पेटंटची बाधा न होईल अशा रीतीने ती पद्धत 'जीझिप'मध्ये स्वतंत्रपणे लिहिली. पाठोपाठ मे १९९५ मध्ये त्यांनी 'झेडलिब' हा संग्रह लोकांपुढे ठेवला. इतर कोणत्याही आज्ञावलीने उचलून आपल्यात बसवावा असा तो होता. मे १९९६ मध्ये या पद्धतीचे अधिकृत वर्णन प्रसिद्ध झाले. गायी यांनी प्रामुख्याने घडी घालण्याचा भाग लिहिला, ॲडलर यांनी उलगडण्याचा. हेच ॲडलर पुढे मंगळावर गेलेल्या 'स्पिरिट' यानाच्या मोहिमेत व्यवस्थापक होते. फिल कॅट्झ मात्र २००० साली, चाळिशीही गाठण्यापूर्वी, निवर्तले.

झेडलिब सी भाषेत लिहिलेले आहे. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवलेली ही भाषा अल्पाक्षरी आणि वेगवान आहे, आणि लिहिणाऱ्यावर तिचा पूर्ण विश्वास असतो. शंभर घरांची ओळ आखून कोणी एकशे एकावे घर मागितले, तर सी हटकत नाही. तिथे जे काही पडले असेल ते आणून देते. वापरून झालेली जागा परत करणे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी. त्याने तीच जागा चुकून दोनदा परत केली, तर सगळा हिशेब बिघडतो आणि तो बिघाड परक्या माणसाला घरात शिरायला दार ठरू शकतो. झेडलिबच्या १.१.३ या आवृत्तीत नेमका असाच दोष निघाला. मुद्दाम बिघडवलेली घडी उलगडायला दिली की एकच जागा दोनदा परत होत असे. मार्च २००२ मध्ये १.१.४ ही दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. झेडलिब तोवर असंख्य आज्ञावल्यांच्या पोटात जाऊन बसले असल्याने ती दुरुस्ती जागोजागी करावी लागली.

येथे भाषांतराची गोष्ट सुरू होते. जावा भाषेत झेडलिब वापरण्याची सोय पूर्वीपासून होती, पण ती मूळ सी संग्रहालाच हाक मारणारी होती आणि तिच्यात एक उणीव होती. संगणकांमधील सुरक्षित संभाषणात मजकूर थोडा थोडा पाठवावा लागतो. प्रत्येक तुकड्याशी 'इथवरची घडी पुरी करून दे' असे सांगण्याची व्यवस्था जावाच्या त्या सोयीत नव्हती; ती २०११ सालच्या सातव्या आवृत्तीत आली. त्या गरजेतून २००० साली 'जेझेडलिब' या नावाने झेडलिबचे शुद्ध जावा भाषांतर झाले. त्याचा आधार होता १.१.३ हीच आवृत्ती, जिच्यात तो दोनदा जागा परत करण्याचा दोष अजून दडलेला होता. भाषांतरकाराला तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो उघडकीस यायला दोन वर्षे अवकाश होता. तरीही तो दोष जावात उतरू शकला नाही. जावात वापरून झालेली जागा लिहिणारा परत करतच नाही. भाषाच ती गोळा करते. ज्या वाक्यात चूक होती त्या वाक्याला नव्या भाषेत प्रतिशब्दच नव्हता.

असे भाग्य सर्वत्र लाभत नाही. उलट मुळात निर्दोष असलेली वाक्ये भाषांतरात सदोष होण्याचा धोकाच अधिक. सीमध्ये 'उणे नसलेली' संख्या असा प्रकार आहे. त्यामुळे एका घरात ० ते २५५ अशी संख्या राहते. जावाने तो प्रकार बाइटपुरता ठेवलाच नाही. तिचे घर उणे १२८ पासून १२७ पर्यंत मोजते. सीमधले २०० जावाच्या घरात घातले की ते बाहेर काढताना उणे ५६ होऊन येते. म्हणून जावा भाषांतरात जागोजागी त्या संख्येला पुन्हा मूळ रूपात आणणारा एक छोटा प्रत्यय जोडावा लागतो. एका ठिकाणी तो विसरला, तर आज्ञावली तिथेच कोसळते किंवा चुकीचे उत्तर देत शांतपणे पुढे जाते. कोसळली तर ते उपकारच म्हणायचे.

शांतपणे चुकण्याचे याहून सूक्ष्म उदाहरण झेडलिबच्या साक्षीदार-अंकात आहे. घडी उलगडल्यावर मजकूर जसाच्या तसा आला की नाही हे पडताळण्यासाठी झेडलिब शेवटी एक अंक जोडते. ॲडलर यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याची रीत अशी : मजकुरातील संख्यांची बेरीज करत जायचे आणि प्रत्येक पायरीवरच्या त्या बेरजेचीही दुसरी एक बेरीज ठेवायची, दोन्हींना ६५,५२१ ने भागून उरलेली बाकी घ्यायची. ६५,५२१ ही ६५,५३६ च्या आतली सर्वांत मोठी मूळ संख्या. दर घराला भागाकार करत बसणे खर्चिक, म्हणून सीमधील आज्ञावली ५,५५२ घरांपर्यंत नुसती बेरीज करत जाते आणि मग एकदा भागते. हा ५,५५२ आकडा कुठून आला? सीमधील उणे नसलेल्या बत्तीस-बिटी संख्येत सुमारे चारशे एकोणतीस कोटींपर्यंतची बेरीज मावते. प्रत्येक घरात २५५ अशी अत्यंत प्रतिकूल स्थिती धरली तरी ५,५५२ घरांपर्यंत बेरीज त्या मर्यादेत राहते, एका घराने पुढे गेले की ओलांडते. हिशेब चोख आहे. पण तो 'उणे नसलेली संख्या' या गृहीतावर उभा आहे, आणि आकड्याकडे नुसते पाहून ते गृहीत कळत नाही.

आता असा भाषांतरकार कल्पावा की ज्याने ५,५५२ हा आकडा जसाच्या तसा उचलला, आणि बेरीज ठेवली जावाच्या नेहमीच्या संख्याप्रकारात, ज्यात सुमारे दोनशे चौदा कोटींपर्यंतच मावते आणि त्यापुढे संख्या उणे होते. त्याने पडताळ्यासाठी एखादी इंग्रजी कादंबरी घेतली. इंग्रजी मजकुरात घरांतील संख्यांची सरासरी शंभराच्या आतबाहेर असते. ५,५५२ घरांनंतर दुसरी बेरीज फार तर एकशे ऐंशी-नव्वद कोटींच्या घरात जाईल. सगळे मावले. कितीही मोठी कादंबरी द्या, उत्तर बरोबरच येणार. मग एके दिवशी कोणी तिथे मराठी मजकूर घातला. देवनागरीच्या तीन घरांत २२४, १६४ आणि दीडशेच्या पुढेमागे अशा संख्या; मधल्या रोमन जागा धरूनही सरासरी पावणेदोनशेच्या आसपास. तेवढ्याच घरांत बेरीज अडीचशे कोटींच्या वर जाते. संख्या उणे होते, भागाकार चुकतो आणि साक्षीदार खोटी साक्ष देतो. ५,५५२ घरे म्हणजे सुमारे १,८५० देवनागरी चिन्हे. छापील पुस्तकाचे साधारण एक पान. अर्ध्या पानाच्या पत्राला हा दोष दिसणार नाही, इंग्रजी ग्रंथाला कधीच दिसणार नाही, आणि मराठी ग्रंथाला पहिल्याच पानावर भोवेल. परभाषेत घेतलेली परीक्षा आपल्या भाषेला लागू पडेलच, असे धरून चालणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावे.

प्रत्यक्षातील भाषांतरकारांनी हा खड्डा ओळखला, हे त्यांच्या अभ्यासाचे गमक आहे. जेझेडलिबने त्या बेरजेसाठी मोठा, चौसष्ट-बिटी संख्याप्रकार घेतला. २०१४ साली जावास्क्रिप्ट भाषेत झालेल्या 'पाको' या भाषांतराने ५,५५२ ऐवजी २,००० हा आकडा धरला आणि कारणही तिथेच टिपेत लिहून ठेवले. जावास्क्रिप्टमध्ये बिटांची कामे करताना संख्या उणे-अधिक अशीच धरली जाते, तेव्हा बेरीज एकतीस बिटांत राखणे भाग होते. मूळ लेखकाने न लिहिलेली अट भाषांतरकाराला अशा ठिकाणी लिहून काढावी लागते, आणि मूळ आज्ञावली वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांनाही ती बहुधा तिथेच प्रथम वाचायला मिळते.

दुसरी एक अट 'मागे जाऊन उतरवून घे' या आज्ञेत दडलेली आहे. समजा 'क' हे चिन्ह सोयीसाठी एकाच घराचे धरले, ते एकदा लिहिले आणि पुढची आज्ञा आली : एक घर मागे जा, नऊ घरे उतरव. मागे तर एकच घर भरलेले आहे. नऊ कुठून उतरवणार? सीमधील आज्ञावली एकेक घर उतरवते. पहिला 'क' उतरला की तोच पुढच्यासाठी मूळ होतो, आणि अशा रीतीने नऊ 'क' तयार होतात. डिफ्लेटमध्ये ही युक्ती मान्य आहे आणि सर्रास वापरली जाते. पण जावात ओळीचा तुकडा एकदम उतरवण्याची तयार सोय आहे. ती आधी संपूर्ण मूळ तुकडा बाजूला घेतल्यासारखे वागते आणि मगच नव्या जागी ठेवते. तिच्या हाती एक 'क' आणि आठ घरे जुना कचरा एवढेच लागेल. ती सोय सभ्य आणि सुरक्षित आहे. तिचा दोष काही नाही. जेझेडलिबमध्ये म्हणून दोन वाटा ठेवल्या आहेत. दोन तुकडे एकमेकांवर चढत असतील तर घरोघर जायचे, नसतील तर एकदम. नव्या भाषेतला जवळचा शब्द दिसला की तो उचलावा, हा मोह साहित्याच्या भाषांतरकारांनाही परिचित आहे.

गेल्या दशकातील भाषांतरे बहुतांशी रस्ट या भाषेत झाली. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या या भाषेत सीचा वेग आणि जागेच्या वापरावर कडक पहारा यांचा मेळ घातला आहे. कोणती जागा कोणाच्या मालकीची, कोणी ती उसनी घेतली आणि केव्हा परत केली, हे आज्ञावली चालण्यापूर्वीच तपासले जाते. पहारा उठवायचाच असेल तर तेवढा भाग 'असुरक्षित' अशी खूण करून वेगळा लिहावा लागतो. 'मिनिझ' या सी संग्रहाचे रस्टमधील भाषांतर अशी एकही खूण न वापरता केलेले आहे. नेदरलँड्समधील ट्रायफेक्टा टेक फाउंडेशनने झेडलिबचे रस्टमध्ये जे रूप केले, ते मुळाच्या जागी तसेच बसवता यावे अशा बेताने केले. घडी उलगडण्यात ते सीमधील वेगवान आवृत्त्यांनाही काही मापनांत मागे टाकते, असे निष्कर्ष २०२५ मध्ये त्या संस्थेने प्रसिद्ध केले. या कामात अडलेली एक गोष्ट मोठी मनोरंजक आहे. उलगडणारी आज्ञावली कोणत्याही क्षणी मजकूर संपल्यामुळे थांबू शकली पाहिजे आणि पुढचा तुकडा येताच नेमक्या त्याच जागी पुन्हा सुरू झाली पाहिजे. सीमध्ये हे एका प्रकरणातून पुढच्या प्रकरणात अलगद घसरत जाण्याच्या सवलतीवर रचलेले आहे. रस्टने ती सवलत चुकांचे मूळ म्हणून नाकारलेली. वेग न गमावता तोच ओघ कसा साधावा, या खटपटीतून खुद्द रस्टच्या अनुवादकातच, म्हणजे कंपायलरमध्ये, एका नव्या रचनेचा प्रयोग सुरू झाला. भाषांतराच्या रेट्याने भाषा वाढते, हे मराठीला सांगायला नको.

यांत्रिक भाषांतराचाही मार्ग आहे. 'सी-टू-रस्ट' नावाचे साधन सीमधील आज्ञावली घेऊन तिचे ओळीनिहाय रस्ट करून देते. ते चालते, उत्तरही तेच देते. पण सगळीकडे 'असुरक्षित'ची खूण असते, आणि वाचताना तर्जुमा वाचल्याचा भास होतो. ज्युलियन सीवर्ड यांनी १९९६ साली लिहिलेल्या 'बीझिप-टू' या दुसऱ्या संकोचन-आज्ञावलीचे ट्रायफेक्टाने याच मार्गाने रस्ट करून घेतले आणि मग एकेक परिच्छेद हाताने शुद्ध केला. हा क्रम शहाणपणाचा वाटतो. आधी अर्थ सुरक्षित, मग भाषा. आणि प्रत्येक फेरीत जुन्या आज्ञावलीशी ताळा.

ताळा कशाशी घ्यायचा, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. डिफ्लेटचे अधिकृत वर्णन घडी कशी उलगडावी हे बांधून देते. ती कशी घालावी याला बरीच मोकळीक आहे. दोन आज्ञावल्या एकाच मजकुराच्या दोन वेगळ्या घड्या घालतील आणि दोन्ही उलगडल्यावर तोच मजकूर येईल. असे असूनही लोक घडीच्या आकारावरच विसंबून राहतात. गिट या आज्ञावलीने पूर्वी बाहेरच्या जीझिपला हाक मारण्याची पद्धत होती. पुढे ते काम तिने अंतर्गत झेडलिबकडून करून घेतले. मजकुरात अक्षराचा फरक नाही, घडी मात्र किंचित निराळी. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबवर हा बदल लागू होताच, घडी केलेल्या गठ्ठ्याचा ठसा पूर्वी टिपून ठेवून तो ताडून पाहणाऱ्या अनेकांची कामे अडली, आणि गिटहबला तो बदल त्वरित मागे घ्यावा लागला. करारात नसलेली गोष्टही पुरेशी वर्षे तशीच राहिली की लोक तिला करार मानू लागतात.

याच्या उलट बाजूची कथा बीझिप-टूची. २०१९ च्या जूनमध्ये १.०.७ ही आवृत्ती निघाली आणि तिने एक जुना धोका बंद केला. घडीच्या आत 'निवडक' नावाचे काही आकडे असतात. ते १८,००२ पेक्षा जास्त असण्याची गरज कधीच पडत नाही, म्हणून जास्त आढळले की फाइल सदोष ठरवून नाकारायची. तर्क शुद्ध होता. पण बीझिप-टूचेच काम करणाऱ्या एका अन्य आज्ञावलीने घातलेल्या घड्यांत निरुपयोगी असे काही जादा आकडे असत. त्या फायली कालपर्यंत उघडत होत्या, आज उघडेनात. जुलैमध्ये लगेच १.०.८ आली : आकडे घडीच्या नियमात बसतील तितके वाचावेत, गरजेपलीकडचे सोडून द्यावेत. भाषांतरकाराने फक्त अधिकृत वर्णन वाचून चालत नाही, या मधल्या सोळा दिवसांचा इतिहासही त्याला वाचावा लागतो. ग्रंथालयांच्या दृष्टीने या कथेला फार महत्त्व आहे. शुद्धतेचा आग्रह धरणारा नवा वाचक जुने हस्तलिखित दारातूनच परत पाठवील, हा धोका येथे आहे.

एवढे कष्ट घेऊन भाषांतर करावे की सीमधील मूळच जपावे, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. मुळाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे : तीन दशके आणि अगणित वाचकांनी घासूनपुसून घेतलेला तो पाठ आहे. तरीही एक घटना विसरता येत नाही. घडी घालताना दूरदूरचे फार दाखले आले तर झेडलिब आपल्याच जागेवर लिहून बसते, असा दोष २०१८ साली कळला आणि त्याच वर्षी दुरुस्तही झाला. पण ती दुरुस्ती अधिकृत आवृत्तीतून जगापर्यंत पोहोचायला मार्च २०२२ उजाडले. दोष वर्षानुवर्षे अंगावर वागवत असंख्य यंत्रे चालत होती. जगभर वापरल्या जाणाऱ्या या संग्रहाची निगा मोजकीच माणसे राखतात, ही वस्तुस्थितीही त्यामुळे डोळ्यांपुढे आली. अशा प्रकारचा दोष रस्टमध्ये उतरवणे अवघड आहे, हा भाषांतराच्या पक्षातला सर्वांत भक्कम मुद्दा.

भाषा बदलल्याने सगळेच धोके टळतात, असे मात्र कोणी समजू नये. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या तिसऱ्या संकोचन-संग्रहात चोरवाट आढळली. थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याला दोन-अडीच वर्षे मदत करत, त्याचा विश्वास संपादन करून, टोपणनावाने वावरणाऱ्या एका सहायकाने ती घातली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले आणि त्याने छडा लावला, म्हणून अनर्थ टळला. ती वाट सीच्या ढिलाईतून आलेली नव्हती. रस्टचा पहारेकरी जागेच्या मालकीवर नजर ठेवतो. किल्ली कोणाच्या हाती दिली हे त्याला विचारता येत नाही.

राहता राहिली मूळ लेखकाच्या नावाची गोष्ट. मराठीत एके काळी 'एका इंग्रजी कथेच्या आधारे' एवढेच छापून मोकळे होण्याची चाल होती. आधार कोणाचा, हे वाचकाने शोधत बसावे. झेडलिबचा परवाना फार उदार आहे. कोणीही वापरावे, बदलावे, विकावे. अटी थोड्याच. त्यांतील एक अशी की हे मूळ आपणच लिहिले असे कोणी भासवू नये, आणि दुसरी अशी की बदललेल्या प्रतीवर ती बदललेली आहे असे स्पष्ट लिहावे. जेझेडलिबच्या भाषांतरकाराने याहून पुढे जाऊन प्रत्येक फाइलच्या माथ्यावर नोंद केली आहे की ही आज्ञावली झेडलिब १.१.३ वर आधारलेली असून श्रेय सर्वस्वी जाँ-लू गायी, मार्क ॲडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे.